बाहेरून लागलेली कडी

“देवाला कुणाच्याबी हातचं पानी चालतंय. तूच चालवून घेऊ नको. पोरगं जगवायचं आसंल तर आपलं पानी आपन भरायचं, भामा, आन् ते लिंगावर पडंपतुर थेंब तोंडात घालायचा न्हाई.” सासूनं हे सांगितलं तेव्हा ती जात्यावर बसली होती, आणि सांगताना तिनं हात थांबवला नव्हता, त्यामुळं एकोणतीस वर्षांनंतरही भामाबाईला तो आवाज यायचा तो दगडाच्या घरघरीसकट, आणि पहाटे कळशी उचलताना यायचाच. त्या बुधवारीही आला. कळशी काखेत धरून तिनं दार ओढलं. दार बोटभर आलं आणि थांबलं. लाकूड फुगलं असेल, असं तिला वाटलं, आणि लगेच स्वतःचंच हसू आलं. फुगायला हवेत ओल कुठं होती? नवा जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं आणि पाऊस न होऊन तिसरं. लातुरातली दारं आटून आटून चौकटीत खुळखुळत होती. तिनं पुन्हा ओढलं. मग फटीला डोळा लावला. बाहेरची कडी कोयंड्यात नीट बसलेली होती, आणि निघू नये म्हणून तिच्यात कुणीतरी बाभळीची एक काटकी खोचलेली होती.

हाक मारायची तिची रीत नव्हती. भामाबाई बोलायला लागली की शेजारच्यानं कान पुढं करावा लागतो, असं गल्लीत म्हणायचे. ती कळशी घेऊन तशीच उभी राहिली. मागं स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज थांबला. “ह्यांनी लावली कडी, जाताना,” महानंदा, तिची सून, म्हणाली. तिकडं पाठ करूनच. “कुत्री शिरायलीत म्हनं घरात.”

“आपून आत आसताना?”

महानंदानं पुन्हा पंप मारायला घेतला. भामाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. ह्या गल्लीत महिनाभरात कुत्रं दिसलं नव्हतं. कुत्री तर माणसांच्या आधी गाव सोडून गेली होती. आणि कडी लावणारा सिद्धलिंग, तिचा एकुलता एक, नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत टंचाईच्या टेबलावरचा कारकून, अजून कायम न झालेला, त्या दिवशी अंधार असतानाच टँकरचे कागद तयार करायला निघून गेला होता. तो असा काही जाता जाता विसरून कडी लावणारा नव्हता. काटकी शोधावी लागते. ती मापाची मोडावी लागते.

कालच्या कळशीत अर्धं पाणी उरलं होतं. तेही तिनंच टँकरवरून भरलेलं, म्हणजे बुधवार निभावला. तिनं पत्र्याच्या आडोशाला बसून गळ्यातल्या वस्त्रातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, भस्म लावलं, वाळून कुरकुरीत झालेलं बेलाचं पान वाहिलं, आणि रोजच्यासारखं पुढ्यात जे जे असेल ते देवाला सांगितलं. तिचा जप असा नव्हताच. सांगणं होतं. गुडघ्याचं, तेलाचं, पुतणीच्या बाळंतपणाचं. गेले अकरा दिवस एकच सांगणं होतं: शुक्रवारी अकराला कचेरीत जायचंय, पंचफुलाचं जे बघितलं ते सांगायचंय, जीभ आडखळू देऊ नको. बुधवारी ते सांगताना मात्र तिचं अर्धं लक्ष दाराकडं होतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तिला देवापुढं बसून उठावंसं वाटत होतं.

खरं तर बाहेर तिचं काहीही नव्हतं. चार वर्षांत ती गंजगोलाईच्या बाजारात तीनदा गेली असेल. सिद्धेश्वराच्या जत्रेला चला म्हणून सून मागं लागायची तेव्हा हिचेच गुडघे दुखायचे. टँकरची रांग आणि परत, एवढाच तिचा लातूर. पण कडी दिसल्यापासून गोलाईतले सगळे रस्ते तिच्या अंगाशी येऊन उभे राहिले. भाजीच्या ओळी, बांगड्यांच्या ओळी, अडतीसमोर मिरच्या वाळवायच्या ती जागा, जिथं तिला शिंका यायच्या आणि जिथं जायला तिला कधीच आवडलं नव्हतं. आता त्या शिंकांचीसुद्धा हाव सुटली. ती उठून दोनदा दारापाशी गेली. ओढलं नाही. ओढलं असतं तर सुनेला आवाज गेला असता. नुसता हात ठेवला, आणि फळ्यांना बाहेरून लागणारं ऊन तळव्याला लागलं.

पंचफुला नाल्यापलीकडच्या वस्तीतली. हदगावकडून आलेली, नव्या इमारतींच्या कामावर विटा वाहायची. टँकर आला की गल्लीच्या बायका आधी, वस्तीच्या बायका मागून, हे कुणी ठरवलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी पंचफुलानं घागर नेऊन पहिल्याच जागी ठेवली. “आमी पहाटं चारपासून उभ्या हाव. जो आधी आला त्याची घागर आधी. टाकीला काय जात ठाव हाय का, भाऊ?” बायका हसल्या. भामाबाईसुद्धा पदराआड हसली. टँकरवरचा माणूस हसला नाही. त्यानं घागर लाथाडली, ती उचलायला वाकली तशी नळीचं लोखंडी तोंड तिच्या मनगटावर घातलं, आणि हाड मोडल्याचा आवाज पाण्याच्या आवाजातसुद्धा ऐकू आला. मग वर त्यानंच अर्ज दिला, की ह्या बाईनं टँकरवर दगड घातला, सरकारी कामात अडथळा आणला. टँकर ज्याचे होते तो कंत्राटदार साहेबाच्या खोलीत पंख्याखाली बसायचा, हे सिद्धलिंगनंच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. चौकशी लागली. ज्यानं पाहिलं त्यानं येऊन सांगावं. पाहिलं चाळीस बायकांनी होतं. हात गळ्यात बांधलेली पंचफुला रांगेच्या कडेकडेनं एकेकीसमोर उभी राहत गेली, आणि एकेकीला त्या वेळेला दुसरीकडं काहीतरी दिसत होतं असं निघालं. शेवटी ती भामाबाईपुढं आली. “माय, तुमी तं पाहूनच राहिल्या होत्या. तुमचं कोनी खोटं म्हननार न्हाई.”

“येते,” भामाबाई म्हणाली होती.

“काय म्हनलं?”

“येते म्हनलं.”

पंचफुलानं कान पुढं केला नव्हता. तिनं ओठांकडं बघून घेतलं, आणि गेली.

मग हे कळलं कुणाला? बुधवारचा सगळा दिवस भामाबाई ह्याच्याभोवती फिरली. घरात तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. रांगेत शेजारी साबेरा होती, करीम कल्हईवाल्याची बायको, भिंतीला भिंत लागून राहणारी. तिनं ऐकलं असणार. साबेराचा नवरा भांडी घेऊन कचेरीतल्या लोकांच्या घरोघर जातो. का महानंदा? महानंदा धुणं वाळत घालायला जाते तेव्हा बायकांत दहा मिनिटं जास्तच रेंगाळते. भाकरी उलटताना तिची मान उजवीकडं कललेली असते, जणू मागचं काही ऐकतीय. सगळंच बारीक बारीक होतं आणि सगळंच जुळत होतं. संध्याकाळी सिद्धलिंग आला, काटकी काढून आत आला, पायातलं काढता काढता म्हणाला, “आई, ऊन लई वाढलंय. तुला चक्कर यायची कुठंतरी. उद्यापासनं पाणी मी भरून देतो, तू घरातच थांब.” सकाळी कुत्री होती, संध्याकाळी ऊन झालं. तिनं मान हलवली. हो म्हणायची म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. तो तेवढ्यावर खूश दिसला.

गुरुवारी कळशी कोरडी होती. सिद्धलिंगनं बादली भरून तिच्यापुढं ठेवली, पाण्यावर झाकण, झाकणावर तिचा तांब्या उपडा. ती बघत राहिली.

“घे की.”

तिनं आपली कोरडी कळशी जवळ ओढली.

“माझ्या हातचं चालत नाही का देवाला?”

“देवाला चालतंय.”

“मग?”

आता मग काय सांगायचं? दोन लेकरं पाळण्यात गेली. तिसऱ्या वेळेला सासूनं पाण्याचा हा नेम घालून दिला, आणि हा जगला. नेम कुणासाठी धरलाय हे ज्याच्यासाठी धरलाय त्यालाच सांगितलं की त्यातलं सत्त्व जातं, असंही सासूनंच सांगितलेलं. एकोणतीस वर्षं तो रोज सकाळी आईला कळशी घेऊन जाताना बघत होता आणि त्याला ते सोवळ्याचं खूळ वाटत होतं. वाटू दे, असंच तिनं ठेवलं होतं. ती भिंतीला टेकून बसली. चहा आला, परत गेला. भाकरी आली, झाकून पडली. सिद्धलिंगचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मग त्यानं सुस्कारा टाकला तो थेट कचेरीतला होता. “आस्सं. म्हणजे उपोषण. कचेरीपुढं रोज तीन मंडप ओलांडून जातो मी, आई. हा चौथा आता घरात. मागण्या काय हैत तेवढं एका कागदावर द्या, साहेबापुढं ठेवतो.”

“चेष्टा करायलास व्हय.”

“चेष्टा तू चालवलीस. ह्या महिन्यात माझं कायम व्हायचं हाय.” आणि तो गेला. काटकीचा बारीक कट्‌ असा आवाज आला.

उपोषण हा शब्द तिनं तोंडात घोळवून पाहिला. तोंडात ओल नव्हती, शब्द टाळूला चिकटला. आपण नेम पाळतोय, तिनं स्वतःला सांगितलं, बाकी काही नाही. पण हेही खरं होतं की झाकलेल्या बादलीकडं बघताना तिला आत कुठंतरी बरं वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावरची भीती बघून बरं वाटलं होतं. हे बरं वाटणं नेमात बसत होतं का? तिला स्वतःचाही भरवसा वाटेना.

दुपारी तहान डोक्यात चढली आणि तिला बळद आठवलं. रझाकारांच्या वर्षातलं, निलंग्याकडच्या गावातलं, धान्य साठवायचं भिंतीतलं अंधारं कोठार. ती बारा वर्षांची. आईनं तिला आणि दोन चुलतबहिणींना तिथं उतरवलं आणि वरून फळी सारली. थोरली दोन दिवस नुसती झोपून होती. मधली दाणे मोजायची, हजार झाले की पुन्हा एकपासून. आणि भामाला, जिला कधी खोकला नव्हता, आवाज करायचा नाही म्हटल्यापासून खोकला लागला. तोंडात परकर कोंबून ती खोकायची. गावातला निजामोद्दीन विणकर दिवसातून एकदा भाकरी आणून फळीवर दोन बोटं वाजवायचा, आणि दर वेळेला त्या दोन बोटांच्या आवाजानं तिचं अंग थंड पडायचं, हा आपला का त्यांचा. तो आपलाच निघाला. शेवटपर्यंत. तरी अंग थंड पडायचं राहिलं नाही.

खिडकीच्या गजावर कुणीतरी बोटं वाजवली आणि ती दचकून उठली. साबेरा होती, डोक्यावर पदर, हातात रिकामं डबडं. “क्या हुआ मावशी? दो दिन से टँकरकू दिखे नै. बीमार हैं क्या?”

भामाबाई खिडकीशी गेली. “साबेरा, तू सांगितलंस का कुनाला? शुक्रवारचं?”

“मय?” साबेरानं डबडं खाली ठेवलं. “मय तो खुद छुपके बैठी हूँ मावशी. मेरेकू पूछने आए थे. मय बोली, मय उधर मुँह करके खडी थी. अल्ला माफ करे, उधर तो दीवार थी.” ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. मग तिची नजर दाराकडं गेली, कडीवर, काटकीवर. “निकालूँ क्या?”

“नको.”

“कोई नै देख रा.”

“नको म्हनलं न्हवं.”

ती गेल्यावर भामाबाईला कळेना की आपण नको का म्हणालो. लेकाची अब्रू गल्लीत जाईल म्हणून? का दार उघडल्यावर जावं लागलं असतं म्हणून? कडी होती तोवर शब्द मोडल्याचा दोष कडीवर होता. हे मनात आलं तशी ती खिडकीपासून बाजूला झाली, जणू कुणी बघितलं असतं.

आणि बाजूला होताना तिला ते दिसलं, जे अकरा दिवस ती देवाला सांगताना गाळत आली होती. घागर लाथाडली. पंचफुला वाकली. नळी वर गेली. नळी खाली यायच्या आधी, आधीच, भामाबाईनं आपली कळशी उचलून काखेत घेतली होती आणि दोन पावलं मागं सरली होती. पाणी उडू नये म्हणून. पंचफुला तोल जाऊन अंगावर येऊ नये म्हणून. नेमाची कळशी होती. पंचफुला पडली ती बरोबर त्या जागी, जिथं भामाबाई उभी असायला हवी होती. तिच्या हाताला धरायला काहीतरी मिळालं असतं. येते, असं भामाबाई म्हणाली ते धिटाईनं नव्हतंच. आणि पंचफुलानं तिच्याच तोंडाकडं इतकं निरखून का बघितलं होतं? तिनं तेही पाहिलं असेल का?

संध्याकाळी सिद्धलिंग आला तेव्हा बादली तशीच होती. त्यानं झाकण उघडून पाणी बघितलं, पुन्हा झाकलं. भामाबाईचा आवाज आधीच बारीक, आता घोगरा झाला होता. “तुला कुनी सांगितलं ते सांग. मग मी काय न्हाई बोलत.”

“तूच सांगितलंस.”

“मी?”

“रोज सकाळी देवाला सांगतीस की. पत्र्याच्या अल्याड आम्ही निजलेलो असतो. माणसांशी बोलताना तुझा आवाज येत नाही, आई. देवाशी बोलतीस तेव्हा घरभर येतो. अकरा दिवस ऐकायलोय. शुक्रवार, अकरा, पंचफुला.” तो थकून खाली बसला. “गुडघ्यांचंबी ऐकतो. तेवढ्यासाठी मलम आणून ठेवलं होतं.”

महानंदा स्टोव्हपाशी हसायला लागली, तोंडावर पदर धरून, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं राहिलं नाही. “आन् तुमाला वाटलं मी. दोन दिस झालं माझ्या पाठीकडं बघायलाव, आत्या. पाठीला डोळे न्हाईत, पन कळतंय.” तिनं भाकरी तव्यावर आपटली. “कडी काय एकट्या तुमालाच लागती? मी काय भायेर ऱ्हाते?”

सिद्धलिंगनं बायकोकडं असं पाहिलं, की ती आत होती हे त्याला आत्ताच सुचलं असावं.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा भामाबाई भिंत धरून उठली आणि भिंत सरकली. ती पुन्हा बसली. कचेरी दीड मैल. ह्या पायांनी कोपऱ्यापर्यंतसुद्धा होणार नव्हतं, हे तिला हिशेब न करता कळलं. नेम धरला तर शब्द जातो. शब्द धरायचा तर पायात बळ हवं, आणि बळ त्या बादलीत होतं. ती बादलीकडं बघत राहिली. बादलीपलीकडं सिद्धलिंग उभा होता, विजार चढवलेला, हातात पितळी पेला. रात्रभर झोपला नसावा. “मोसंब्याचा रस हाय,” तो म्हणाला, आणि लाजला. “काल आमच्यासमोरच्या मंडपातल्यांचं असंच सुटलं. साहेबानं दिला.” त्यानं पेला पुढं केला. “पी की ग. मरतीस का माझ्या दारात?”

ज्याच्या जिवासाठी पाणी धरलं, त्याच्याच हातचं आता घ्यायचं. सासूनं ह्याचं काही सांगून ठेवलं नव्हतं. भामाबाईनं झाकण काढलं. तांब्या बुडवला. लिंग तळहातावर घेतलं आणि ओतताना अर्धं पाणी मांडीवर सांडलं. पाणी लिंगावरून ओघळलं, रोजच्यासारखंच, थंड. काहीही झालं नाही. आज तिनं देवाला काही सांगितलं नाही. तीर्थ घेतलं, मग पेला घेतला, आणि थांबत थांबत सगळा रस प्याली. महानंदानं न विचारता भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून पुढं केला, तोही खाल्ला.

सिद्धलिंग एकदम लहान झाल्यासारखा हसला. “सुटलं म्हणायचं?” त्यानं पेला घेतला, तिच्या डोक्यावरून पदर उगीच सारखा केला, पायात चपला घातल्या. कचेरीत जाणार नाहीस ना, असं त्यानं विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. शब्द जिभेवर तयार होता. त्यानं विचारलं नाही. रस प्याला म्हणजे मागणी सोडली, एवढंच त्याला कचेरीत शिकायला मिळालं होतं. तो दार सताड टाकून गेला.

ती उंबऱ्यात येऊन त्याच्या पाठीकडं बघत राहिली. पायरी उतरताना त्याचा पाय किंचित मुरडला का? नाही. सरळ होता. पुढं एक ट्रक धुरळा उडवत गेला आणि तो दिसेनासा झाला, आणि मग धुरळ्यातून पुन्हा त्याचा पांढरा सदरा वर आला, चालत होता, हातानं तोंडापुढची धूळ वारत होता. खोकला. एकदाच. धुळीचाच असणार. कोपऱ्यावर तो वळला आणि त्यानंतर त्याचं काय झालं हे तिला दिसायची सोय नव्हती. एकोणतीस वर्षांत प्रथमच तो तिच्या पाण्याशिवाय रस्त्यावर होता. तिथं उभं राहून ती दिवसभर कोपरा बघू शकली असती.

साडेनवाला तिनं धुवट लुगडं नेसलं. महानंदा भांडी घासायची थांबली. राखेनं माखलेले हात तसेच धरून ती सासूकडं बघत होती. “आत्या. मला विचारतील.”

“काय दिसलं ते सांग. खोटं बोलू नको माझ्यासाठी.”

“आन् तुमी? तिथं काय सांगनार?”

“हाय ते. आधी मी मागं सरले ते. मग ती पडली ते.”

महानंदाला ह्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं हात पदराला पुसले, आत गेली, आणि आपल्या चपला आणून सासूच्या पायांपुढं ठेवल्या. “तुमच्या झिजल्यात. डांबर भाजतंय आत्तापासूनच.”

चपला अर्धं बोट मोठ्या होत्या. गल्लीत एकही माणूस नव्हतं. साबेराच्या दारातला पडदा हलला आणि स्थिर झाला, आणि कुणी हलवला याचा विचार भामाबाईनं केला नाही. सावली भिंतीच्या बुडाशी हातभर राहिली होती, तेवढ्यातून ती निघाली. कोपऱ्यावर पंचफुला उभी नव्हती. तिनं वाट बघायची असं ठरलेलं नव्हतंच. येते, एवढंच ठरलं होतं. भामाबाई वळली आणि कचेरीच्या रस्त्याला लागली.